कोरडं बाथरूम

रबराच्या दोन चटया आल्या. निळ्या. पार्सलवाला म्हणे गावात गाडी येत नाई, मूल शहराच्या बस स्टँडवर या. तुझ्या बापाले कापणी टाकून सायकल हाणत जा लागलं. कोणी सांगितलं होतं तुले चटया पाठवाले? बाथरूममध्ये घसराचं असंल तर आधी बाथरूममध्ये जा लागते. तुझी माय तिथी घसरली नाई. एक वर्ष झालं, ती तिथी न्हायली नाई, बसली नाई. गेली ते फक्त घासाले.

प्रिय संघपाल, आता जयभीम. तुले आणि नातसून दीपालीले. आजीचा कागद पाहून भेऊ नको, कोणी मेलं नाई. फोनवर बोलली असती, पण घरात फोन एक, तो तुझ्या मायच्या कमरेले, आणि कोणी बोलाले लागलं की ती स्पीकर चालू करून समोर बसते. हे तिच्यासमोर बोलाचं नाई. माझी शाळा दुसरीतच सुटली, काना-मात्रा इकडचे तिकडे गेले तर हसू नको, वाचून घे. चार दुपारा बसली तेव्हा एवढं झालं. शेजारची ज्योत्स्ना कॉलेजले मूलले जाते, तिच्या हातानं टाकाले देईन.

तू आंगणातला जुना संडास पाडला आणि त्याच जागेवर हे बाथरूम बांधलं, ते दोन वर्षांमागं. पांढऱ्या टाइल्स, छतापर्यंत. माझ्या गुडघ्यासाठी खुर्चीवानी सीट. चांगलं केलं, तेव्हाबी म्हटलं होतं, आताबी म्हणते. तुझी माय मिस्त्र्याच्या हाताखाली स्वतः विटा देत होती. पहिल्या दिवशी न्हाऊन आली तर म्हणे, आई, आत उभं राहिलं की आपण दवाखान्यात आलो असं वाटते. मी म्हटलं, दवाखान्यात एवढा वेळ कोण न्हायते, निघ बाहेर, मले जाऊ दे. वर्षभर सगळे तिथीच जात होतो. बाहेर जा लागत नव्हतं, कोणाले वाघाची आठवण नव्हती.

मंग गेल्या दसऱ्यात तुम्ही दोघं चार दिवस आले. जाताना तू बॅग गाडीले बांधली, मायले बाजूले घेतलं आणि सांगितलं, दीपालीले बाथरूमचा वास येते, असंच राह्यलं तर ती पुढच्या खेपेले येणार नाई म्हणते. तुले वाटलं म्हातारी झोपली. मी पडली होती, झोपली नव्हती. वास होता थोडा, नाई कशी म्हणू. पावसाळ्यात टाकी भरली होती, दिवाळीनंतर उपसून घेतली, विषय संपला. पण तुझ्या मायचा संपला नाई. तुमची गाडी बोडीच्या तळ्याच्या पाळीवरून वळली नसंल, तर तिनं कडीले कुलूप घातलं.

आता कुलपाआड काय चालते ते ऐक. आठवड्यातून दोनदा ती पदर खोचून आत जाते. आपलं बोअरचं पाणी खारं, टाइल्सवर पांढरा थर बसते. तो थर ती चिंचेच्या कोळानं काढते, कारण अॅसिडनं चकाकी जाते असं तिले कोणीतरी सांगितलं. दोन टाइल्सच्या मधल्या फटीत काळं धरते, ते सोडा आणि तुझ्या बापाच्या जुन्या ब्रशानं. बिचारा दात घासाले गेला तर ब्रश सापडत नाई, मंग कडूनिंब आहेच. नळाले लिंबू. बादली पालथी, मग पालथा, जाळीवर डांबरगोळ्या. आणि सगळं झालं की जुन्या लुगड्याचा बोळा घेऊन फरशी पुसते, थेंब थेंब टिपून, जाळीखालचंबी. पाणी राह्यलं की शेवाळ येते, शेवाळ आलं की वास येते, असा तिचा हिशेब. मले सीटवर बसाची परवानगी आहे, गुडघे वाकत नाईत म्हणून. पण न्हाची नाई. माझी आंघोळ मागच्या दगडावर, तट्ट्याच्या आडोशाले. मी बसून बाहेर आली की ती बोळा घेऊन आत. मले लाज वाटली पाहिजे होती, पण या वयात कोणत्या कोणत्या गोष्टीची लाज धराची. बाकी दोघं टमरेल घेऊन बोडीच्या पलीकडं, धानाच्या बांधीत. तुझ्या बापाले म्हटलं, बायकोले सांग. तो म्हणते, तुमचं दोघींचं तुम्ही पाहा. त्याच्या बापाचं उत्तरबी हेच होतं.

आणि मजा पाहा. एवढं घासूनबी वास वाढतच चालला. आधी होता त्याच्या दुप्पट. ती अजून घासे, अजून पुसे, वास अजून. पोळ्याच्या आधी नळ घट्ट झाला, फिरेना, म्हणून मूलचा नळवाला बोलावला. तो दारातच थांबला. म्हणे, बाई, इथी कोणी न्हात नाई का? तुझी माय घाबरली, तिले वाटलं चोरी पकडली. त्यानं जाळी उचलून दाखवली. खाली वाटीवानी जागा असते, त्याले तो नहानी म्हणते. त्या वाटीत पाणी उभं असलं की टाकीची घाण हवा वर येत नाई. वाटी सुकली की टाकीचं तोंड सरळ घरात उघडते. म्हणे, रोज दोन बादल्या आंगावर घ्या, वास राह्यला तर माझं नाव बदला. आणि नळ नीट करून दोन बादल्या ओतून दाखवल्या. थोड्या वेळानं मी स्वतः नाक घालून पाह्यलं. वास नाई. वर्षभर ती ज्या पाण्याले टिपून काढत होती, तेच पाणी राखणदार होतं.

मले वाटलं, चला, अक्कल आली. नळवाल्याची फटफटी वळली आणि ही बोळा घेऊन आत. म्हटलं, सत्यशीला, डोकं फिरलं का तुझं? म्हणे, ओलं दिसलं तर कोणी वापरलं असं वाटंल. म्हटलं, वापराले नाई तर काय पूजाले बांधलं? म्हणे, तुम्हाले नाई समजाचं आई, पोरगी मोठ्या घरात वाढली. निदान जाळीत रोज तांब्याभर पाणी टाक, एवढं कबूल करून घेतलं. ते ती टाकते. कुलूप मात्र तसंच.

आता तुझ्या मायच्या पायाचं. गेल्या सोमवारची गोष्ट. वनखात्याची गाडी आठ दिवसांपासून भोंगा लावून सांगत होती, सकाळी एकट्यानं बाहेर जाऊ नका. बाया घोळक्यानं जातात, पण कापणीचे दिवस, त्या दिवशी सगळ्या लवकर वावरात गेल्या. ही टमरेल घेऊन एकटीच निघाली. बोडीच्या पाळीखाली, उभ्या धानात, वाघ बसला होता. वीस पावलांवर. ती मागं मागं सरकली, मंग पळाली, आणि शेताच्या धुऱ्यावरून खालच्या बांधीत पडली. घरी आली तर पाय सुजला, पाठीले चिखल आणि हातात टमरेल नाई. मी विचारलं तर म्हणे, मुरगळला. तुझा बाप चार माणसं घेऊन गेला, तेव्हा टमरेल सापडलं. बाजूले पंजा उमटला होता, माझ्या तळहातापेक्षा मोठा. वाघ आपल्या वाटेनं गेला. त्याले भूक नव्हती एवढंच, बाकी त्याचे उपकार नाईत.

तुझा फोन आला तेव्हा ती तुले काय सांगणार? बाहेर गेली म्हटलं तर तू विचारशील काऊन गेली. म्हणून म्हणे, बाथरूममध्ये घसरली. तू म्हणाला, आई, चटया पाठवतो. ती खूश झाली रे. पोराले काळजी आहे म्हणून दिवसभर सांगत फिरली, एका पायावर.

चार दिवसांमागं सकाळी ती पुन्हा काठी टेकत निघाली. मी दारात आडवी बसली. म्हटलं, माझ्या आंगावरून जा. ती म्हणे, दीपालीनं म्हटलं तर आजच्या आज उघडते आई, तिच्यासाठीच ठेवलं. तेव्हा मी हा कागद घेतला. कारण एक गोष्ट मी वर्षभर पोटात ठेवली. त्या चार दिवसांत दीपाली रोज त्याच बाथरूमात न्हायली. बाहेर येताना फरशी झाडून आली. मले विचारे, आजी, बादलीवरचा डाग कशानं जाते? तिच्या नाकावर मी एकदाबी पदर पाह्यला नाई. रुमाल पाह्यला तो तुझ्या. आणि रोज सकाळी टॉवेल पिशवीत टाकून मूलले तुझ्या दोस्ताकडं, राजदीपकडं, कोण जात होतं, गप्पा माराले म्हणून? ओल्या केसानं परत येत होता तू. वास तुले आला, बाबू. नाव तिचं घेतलं, कारण मायच्या घराचा वास येते असं पोरानं मायले म्हणणं तुले जड गेलं. ते मले समजते. पण त्या नावावर तुझी माय वाघासमोर जाऊन आली, आणि उद्याबी जाईल. तू माफी मागू नको. तू सांगितलं तर ती म्हणंल, पोरगा बायकोले सांभाळून घेते. हा कागद दीपालीले दे, सगळा वाचू दे, हा भागबी. मंग तिनं फोन करावा, सत्यशीलाले, आणि तिच्या तोंडानं सांगावं की ती असं बोलली नव्हती, कुलूप काढा. ज्या दिवशी कागद भेटंल त्याच दिवशी. तू फोनजवळ बसू नको. उत्तर दीपालीनंच द्यावं.

तुझीच आजी,
रुखमा