पाण्यातली गोळी

मेहमुदा,

कुणी खरं मानणार न्हाय, पण कोडोलीच्या गुऱ्हाळात मी गुळव्या असताना, पाक झालाय का बघायला काहिलीतल्या पाकाचा थेंब पाण्यात टाकला, तर त्याची गोळी एवढी कडक झालती, की घरंगळत पार नेसरीला पोचली. तू तेव्हा नवी नवरी. भाकरी घेऊन यायचीस, कोमट गूळ चाखायचीस आणि माझ्या थापांना हसायचीस.

आता डॉक्टरच गुळव्या झालाय. माझं रक्त किती लवकर गोठतंय, त्यात चरबी किती हाय, ते बघणार म्हणतोय. ठोके चुकणाऱ्या असल्या हृदयात रक्ताची गोळी धरली आणि डोक्यात चढली, तर अर्धांग होतंय म्हणे. म्हणून तू घरी यायच्या आत शेजारच्या आकारामबरोबर उपाशीपोटी दवाखान्यात चाललोय. मी ठणठणीत हाय. शेळीला पाला टाकलाय. तुझा निळा कप मांजरानं फोडला, त्याला मारू नकोस.

हा आकाराम खांद्यावरनं वाचतोय आणि गल्लीला ऐकू जाईल असा ओरडतोय, "नबीलाल, लेका, मांजर कुठलं? काल हात बधिर होऊन कप तुझ्याच हातातनं पडला की! आता डॉक्टरलाबी मांजरच सांगणार व्हय?"