दोड्डप्पांना न विचारता केलेलं सात फुटी धनुष्य

शुक्रवार पेठ, सोलापूर
९ फेब्रुवारी

सोनालीवहिनी, हे पत्र तुमच्या सासऱ्यांना, म्हणजे दोड्डप्पांना, तुम्हीच वाचून दाखवणार, म्हणून आधी दोन शब्द तुमच्यासाठी. कंसातला मजकूर मनात वाचा. बाकीचा मोठ्याने वाचा आणि एकही ओळ गाळू नका. मध्येच हसू आलं तर पाणी प्यायला म्हणून उठा. आता सुरू करा.

तीर्थरूप दोड्डप्पांच्या चरणी धाकट्या भावाची लेक शिवलीला हिचा शरणु शरणार्थी. इकडे आम्ही सगळे ठीक. तुमचा गुडघा कसा आहे? डोळ्यांत थेंब दोन्ही वेळा घालता ना? (वहिनी, 'घालतो' म्हणाले तर बाटली उचलून बघा.) फोनवर विचारलं असतं, पण फोनवर तुम्ही "बरं हाय, ठेव" म्हणता आणि माझ्या आधी तुम्हीच ठेवता. पत्राचं तसं करता येत नाही.

तुम्ही दुधनीहून धुळाप्पांबरोबर पाठवलेला निरोप पोचला. धुळाप्पांनी तो मोटारसायकल बंद न करता, इंजिनाच्या वर आवाज चढवून, आमच्या दारात दिला. त्यामुळे तो गल्लीतल्या सगळ्यांनाच पोचला. "मल्लप्पा म्हनतोय, सोळा वर्षं टोपल्या विकून पोरीला शिकवली, ती काय परत कोयती धरायला व्हय? त्या घरात बांबू हाय तवर मी पाय ठेवत न्हाय." त्याला दोन महिने झाले. संक्रांतीला आईने तुमच्या वाटणीच्या शेंगापोळ्या डब्यात काढून ठेवल्या होत्या. आठ दिवस वाट बघून त्या मी रडत रडत खाल्ल्या, पण सगळ्या खाल्ल्या. बाबा या प्रकरणात कोणाच्याच बाजूने नाहीत, म्हणजे नेहमीसारखे गप्प आहेत. तेव्हा दोड्डप्पा, तुम्ही परत घरी यावं एवढ्याचसाठी हे पत्र आहे. घडलं ते क्रमाने सांगते, मग तुम्ही काय ते ठरवा.

मी कोयती धरली, हे खरं आहे. सहा वर्षांची असताना मी तुमची कोयती उचलली होती, तेव्हा तुम्ही ती काढून घेऊन माझ्या हातात पेन्सिल दिली होती आणि "परत हात लावणार नाही" असं माझ्याकडून म्हणवून घेतलं होतं. तेही मला आठवतं. सहा वर्षांच्या मुलीचा शब्द धरतात की नाही, हे मी ऑफिसातल्या दोघांना विचारलं. दोघांनी दोन मतं दिली, म्हणून तो धरतात असंच मी समजते. म्हणजे मी शब्द मोडला. आपल्या घरात शाळेची पायरी चढलेली मी पहिली, आणि मीच परत बांबूपाशी येऊन बसले, याचं तुम्हाला वाईट वाटणारच. पण का बसले ते ऐका.

दिवाळीनंतर एकदा ऑफिसात डबा खाताना मोबाइलवर एक चित्रफीत लागली. जपानातले एक वयस्क कारागीर धनुष्यासाठी बांबू चिरत होते. डावा पाय दुमडलेला, बांबूचं टोक पायाच्या अंगठ्याच्या बेचक्यात, मान थोडी कललेली, आणि चीर मनासारखी गेली की नाकातून एक "हं". दोड्डप्पा, ते तुम्हीच होता. फक्त दाढी होती आणि कानडी येत नव्हती. त्यांच्यासमोर कोट घातलेली माणसं जमिनीवर मांडी घालून बसली होती आणि ते "हं" म्हणाले की माना लववत होती. तुमच्यासमोर आजवर लोकांनी मान वाकवली ती टोपलीचा तळ ठोकून बघायला. मी सुट्टी संपल्यावरही सात मिनिटं बघत राहिले. (दुसऱ्या दिवशी सात मिनिटं आधी गेले.) त्याच संध्याकाळी ठरवलं की असं एक धनुष्य आपल्या घरात व्हायला हवं.

हे धनुष्य सात फुटांहून उंच असतं, म्हणजे मी आणि माझ्या डोक्यावर आणखी दोन फूट. मूठ मधोमध नसते, खालून एक तृतीयांश उंचीवर असते. पुढे बांबूची एक पट्टी, मागे एक, आणि मध्ये शेकलेल्या बारीक पट्ट्या एकमेकींना खेटून उभ्या चिकटवलेल्या. वर-खाली भाकरी आणि पोटात पिठल्याऐवजी पुन्हा बांबूच, असं समजा.

पहिल्या खेपेला मी कळकाचे दोन बांबू घेतले आणि बांधायला दोरखंड घेतला. रिक्षाच्या टपावर ते घालून पेठेत शिरले आणि कोपऱ्यावरच्या पानवाल्याने टोपी काढली. मला उमगलं नाही. मी नमस्कार केला. पुढे एकाने हळू आवाजात विचारलं, "कोन गेलं?" मी म्हटलं, कोणी नाही. तो बाजूच्याला म्हणाला, "धक्का बसलाय पोरीला." घरापाशी पोचले तर शेजारच्या गंगम्माने टीव्ही बंद करून आमच्यासाठी चहा टाकला होता, आणि दारात चार माणसं उभी होती. आई स्वतः दार उघडायला आली तेव्हा त्यांनी बाबांचं नाव घेतलं. मागून बाबा आले. आता कोणीच उरलं नाही, हे त्यांच्या पचनी पडायला वेळ लागला. त्यांतल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाने बांबू बोटाने वाजवून बघितला आणि तो माझ्यावर रागावला. "वाळका हाय की गं ह्यो! हिरवा आणायचा असतो. दुःखाच्या घरालाबी फसवतेत मेले." मी सांगितलं की मला वाळकाच हवा होता, कारण धनुष्य करायचं आहे. त्यांनी आईकडे बघितलं. आई म्हणाली, "लई शिकली की असं हुतंय."

मग शेकणं आलं. बांबूतलं तेल निघून तो काळपट व्हावा म्हणून निखाऱ्यांवर धरायचा असतो, आणि आपल्यात तर बांबू चुलीत घालत नाहीत, वंश जळतो म्हणतात. मला ते खरं वाटत नाही, पण वंश माझ्या एकटीचा नसल्यामुळे परस्पर धोका पत्करणंही बरं वाटेना. शेवटी गच्चीवर आईला समोर बसवलं आणि ठरवलं की ज्वाळा लागली की थांबायचं. नुसतं शेकणं म्हणजे जाळणं नव्हे. आई विरोध करायलाच बसली होती. दहा मिनिटांनी तिने नाक वर केलं, "कच्चं हाय अजून, परत" म्हणाली, आणि सरळ माझ्या हातातला चिमटा घेतला. तीस वर्षं चटणीसाठी शेंगदाणे भाजलेलं नाक ते. संध्याकाळपर्यंत चौदा पट्ट्या एका रंगाच्या, आणि मला फक्त वारा घालायचं काम.

आता चिरण्याचं. ते शेकण्याच्या आधीचं, पण मुद्दाम मागे ठेवलं. (वहिनी, इथे जरा सावकाश वाचा.) पहिला बांबू मी जोर लावून चिरला. चीर वीतभर सरळ गेली आणि मग बाजूला पळाली. एक पट्टी जाड, दुसरी कागदासारखी. दुसरा घेतला. चीर पळायला लागली आणि माझे हात आपोआप थांबले. कोयती न रेटता मी जाड बाजू जरा जास्त वाकवली, आणि चीर परत मध्यावर आली. हे मला कोणी सांगितलेलं नव्हतं. लहानपणी तुम्ही मला समोर पाढे म्हणायला बसवायचा आणि चुकलं की न बघता "चूक" म्हणायचा. तुम्हाला पाढे येत नव्हते, माझा आवाज अडखळला की तुम्हाला कळायचं. दोड्डप्पा, माझा आवाज अडखळायचा कारण मी तुमचे हात बघत असायचे. सोळा वर्षं तुम्ही मला या कामापासून लांब ठेवलंत, पण बसवलंत नेमकं समोर.

चिकटवायच्या दिवशी गंगम्मा मदतीला आली. तिकडे पूर्वी हरणाच्या कातड्याचा सरस वापरत, तो आपल्याकडे चालणार नाही, म्हणून मी सुताराकडचा पांढरा घेतला. सगळ्या पट्ट्या एकत्र करून दोरखंडाने गुंडाळायच्या आणि सरस ओला आहे तोवर दोराखाली शंभर पाचरी ठोकून धनुष्याला बाक आणायचा. पाचरींवर मी आधीच आकडे घातले होते. आई आकडा म्हणत होती, मी ठोकत होते, आणि गंगम्मा दुसऱ्या टोकाला वरवंटा घेऊन आकडे न ऐकता ठोकत होती. एकाहत्तराव्या पाचरीला ती म्हणाली, "मला उठता येईना गं." तिचा पदर दोराच्या आत गेला होता. सोडवायचा तर सगळं सोडावं लागणार, आणि सरस वाळत चाललेला. गंगम्माने एकदा धनुष्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि म्हणाली, "इरकल हाय ती. काप." (मी तिला तश्शीच नवी घेऊन दिली. ती म्हणते काठ जुन्यासारखा नाही, आणि खरंच नाही.) त्यामुळे आपल्या धनुष्यात वरच्या बाजूला बोटभर हिरवा काठ कायमचा राहिला आहे.

पाचरी काढल्यावर ते भलत्याच बाजूला वाकलेलं निघालं. "उलटं झालं की गं!" असं गंगम्मा ओरडली. पण ते तसंच असतं. दोरी चढवताना त्याला उलट फिरवायचं असतं. तिघींनी मिळून चढवली. मग माळावर कडब्याच्या पेंढ्या मांडून अठ्ठावीस पावलांवरून मी बाण सोडला. डोळे मिटले होते हे कबूल करते. उघडले तेव्हा बाण पेंढीत पिसापर्यंत घुसला होता. नेम शेजारच्या पेंढीवर होता, पण धनुष्य टिकलं. तडकलं नाही, उकललं नाही. वरचं टोक तेवढं केसभर उजवीकडे झुकतं. दोड्डप्पा, आयुष्यात मला बरीच प्रमाणपत्रं मिळाली, पण ती हातात घेऊन मी कधी आईला "बघ" म्हटलं नव्हतं. त्या दिवशी म्हटलं.

राहिला तुमचा शब्द. घरातले सगळे बांबू, उरलेल्या पट्ट्या आणि धनुष्य मी गंगम्माच्या गच्चीवर हलवलं आहे. मी स्वतः झाडून घेतलं, एक काडीही घरात नाही. तेव्हा तुम्ही पाय ठेवू शकता. आईला आणि बाबांना तुमची वाट बघायची सवय आहे, मला नाही.

आपली आज्ञा मोडलेली,
शिवलीला

ता. क. : एक सांगायचं राहिलं. २२ तारखेला इथे हस्तकलेचं प्रदर्शन आहे, त्यात धनुष्य ठेवायला घेतलं आहे. अर्जात 'कला कोणाकडून शिकलात' असा रकाना होता. रकाना रिकामा सोडणं मला जमत नाही, आणि खोटं लिहिणं त्याहून जमत नाही. मी तुमचं नाव लिहिलं. तिथल्या बाईंनी विचारलं, "गुरूंचं शिक्षण किती?" मी म्हटलं, माझं जेवढं झालं तेवढं सगळं त्यांनीच केलं. बाईंनी 'पदवीधर' लिहून टाकलं. ते मी खोडायला लावलं.

ता. क. दुसरा : त्या दिवशी सकाळी अकरा वाजता गुरू आणि शिष्या यांनी लोकांसमोर बांबू चिरून दाखवायचा आहे. कार्ड छापून झालं, सोबत जोडलं आहे. वहिनी, त्यांचा हात धरून बोट पहिल्या ओळीवर ठेवा. ते त्यांचं नाव. माझं त्याखाली, बारीक अक्षरात.

ता. क. तिसरा : वर 'दुसरा घेतला' आणि जमलं असं लिहिलं आहे. दुसरा घेतला हे खरं. जमला तो नववा. काल सरावाला दहावा घेतला, तो गाठीपाशी पळाला. जाड बाजू वाकवली तरी पळाला. गाठीपाशी तुम्ही आणखी काहीतरी करता, आणि ते बघायच्या वेळी मी नेमकी एकोणतिसाच्या पाढ्यावर लक्ष देत असले पाहिजे.

(ता. क. चौथा, वहिनी, फक्त तुम्हाला : वाचून झाल्यावर त्यांना काहीही विचारू नका. कार्ड खाटेवर ठेवून स्वयंपाकघरात जा. थोड्या वेळाने मागे दगडावर कोयती घासल्याचा आवाज आला तर मला एक मिस्ड कॉल द्या. नाही आला तर दोन द्या. मग अकरावा बांबू घेऊन मी पुढच्या एसटीने दुधनीला येते, आणि त्यांच्याच समोर बसून चुकीचा चिरायला घेते. बघू किती वेळ गप्प बसवतंय त्यांना.)