फुगलेल्या तोंडाचे इंग्रजी शब्द

सर, तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली. आज दुकानात एक गिऱ्हाईक माझ्यावर खेकसलं, आणि उलट बोलायच्या आधी मी मनात म्हणालो, सर्ली. मग हातातलं काम बाजूला ठेवून हे लिहायला बसलो.

घोडेगावच्या हायस्कुलात तुम्ही छडी कधी वापरली नाही. कुणी भांडून, रुसून वर्गात आलं की त्याला फळ्यापाशी उभं करायचात आणि त्याच्या रागाचा इंग्रजी शब्द त्यालाच निवडायला लावायचात. काही विचारलं की वसकन अंगावर येतो तो सर्ली. समोरच्याचा मान ठेवत नाही तो रूड. फुगून बसतो, पण कुणीतरी समजूत काढायला येतंय का म्हणून डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत राहतो, तो सल्की. आणि कुणी यावं असंही ज्याला वाटत नाही, आतल्या आत काळवंडत जातो, तो मोरोज. "रागाला नेमकं नाव दिलं की तो निम्मा उतरतो," तुम्ही म्हणायचात. एकदा मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, आमची म्हैस धार काढताना लाथ मारती, ती कोण?" तुम्ही म्हणालात, "तिला इंग्रजी येत नाही, तिला माफ. तू ये पुढं." माझा शब्द बहुतेक दिवस सर्लीच. "अरे, आता दुसरा घे की, हा झिजला," म्हणायचात.

जुन्नरला कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतो तेव्हा तिचं लग्न ठरलं. ती आपल्याच वर्गातली, तुमची लाडकी. मी कॉलेज सोडलं आणि स्टँडजवळ मोटार वाइंडिंगच्या दुकानात तांब्याची तार गुंडाळायला लागलो. लग्नाला गेलो नाही. पण माईकवर नाव पुकारून तुम्हाला फेटा बांधला, हे मित्रानं येऊन सांगितलं, आणि तो फेटा मला जो झोंबला तो झोंबलाच. आपल्याकडं लग्नात पन्नास जणांना फेटे बांधतात, हे काय मला माहीत नव्हतं? पण कुणावर तरी चिडायचं होतं, आणि नवऱ्या मुलाला मी ओळखत नव्हतो.

पंधरा दिवसांनी भर दुपारी तुम्ही दुकानाच्या पायरीशी उभे. मालक म्हणतो, "या पावणं, बसा. आरं, तुजं सर आल्यात, पानी दे." मी मान वर करत नाही. तुम्ही हसून विचारता, "काय रे, आज कोणता शब्द?" आणि मी सगळ्या गिऱ्हाइकांपुढं म्हणतो, "फेटा बांधून घेतला न्हवं तिच्या मांडवात? मग आता माज्याकडं काय काढलंय? हितं तार गुंडाळत्यात, शब्द न्हाई." मालकाच्या हातातला चहा तसाच राहतो. "वेळेवर जेवतोस ना, तेवढं बघायला आलो होतो," म्हणता, चपला घालता आणि जाता.

लोकांना मी रूड दिसलो असेन. खरं तर त्या दिवशी मी सल्की होतो, सर. कुणीतरी यावं म्हणून पंधरा दिवस रस्त्याकडं बघत होतो. ती येणार नव्हती. आलात ते तुम्ही.

त्याच वर्षी दिवाळीआधी तुम्ही गेलात. घोड नदीच्या काठावर तुमची दशक्रिया, माईक, एकामागून एक श्रद्धांजलीची भाषणं. माजी विद्यार्थ्यांच्या वतीनं बोलायला कुणीतरी मलाच उठवलं. मी माईकवर म्हणालो, "सरांना मी कधी उलट बोललो न्हाई." पुढं बसलेल्या काकूंनी डोळ्याला पदर लावला आणि मान हलवली. म्हणजे तुम्ही घरी काही सांगितलंच नव्हतं. तिच्या लग्नानं मला जेवढं जाळलं नाही, तेवढं तुमच्या त्या न सांगण्यानं जाळलंय.

हे पत्र टाकायला पेटी नाही, आणि काकूंना दाखवायची छाती नाही. तरी एक सांगायचं राहिलंय. त्या दुपारी तुम्ही निघालात आणि पाच मिनिटांत मी मागोमाग स्टँडवर आलो होतो. घोडेगावची गाडी लागलेली, ड्रायव्हर चहा पीत होता, तुम्ही खिडकीशी बसून रुमालानं मान पुसत होतात. गाडी सुटायला चांगली दहा मिनिटं होती. मी रसवंतीच्या आडोशाला उभा राहिलो, गाडी जाईपर्यंत.