पाण्यात पाहण्याची ड्यूटी

१९ मार्च
माफी असावी. ही वही एक जानेवारीला सुरू करायची होती. उशीर झाला. कारणे: पेन चालत नव्हते. पेन मिळाले तेव्हा चष्मा सापडत नव्हता. चष्मा सापडला तेव्हा लिहिण्यासारखे काही घडत नव्हते. माफी कुणाची मागतो आहे ते कळत नाही, कारण ही वही माझ्याशिवाय कुणी वाचायची नाही. तरी रीत म्हणून.

आज घडले. खात्याने मला परत बोलावले. छत्तीस वर्षे बंधाऱ्याच्या दरवाजांची चाके फिरवली, आता हंगामी ड्यूटी. बंधाऱ्याच्या कडेने माशांसाठी सिमेंटचा जिना बांधला आहे. वरून पाणी वाहते, खालून मासे चढतात. मधल्या पायरीशी एक खोली, खोलीला काच. काचेतून मासे मोजायचे.

आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. आमच्या नळाला पाणी चढत नाही. माशांना मात्र जिना.

२० मार्च
ऑर्डर दोनदा वाचली. या नदीतला एक मिशीवाला मासा संपत आला आहे म्हणे. ३१ मेपर्यंत असे दोनशे मासे जिना चढून वर गेले, तर दुसरा पंप सुरू करायला परवानगी. नाही गेले तर पंप आणखी एक वर्ष बंद. पंप दोन वर्षांपासून बांधून तयार आहे. ताडपत्री पांघरून उभा आहे, रुसलेल्या मेव्हण्यासारखा.

म्हणजे आमच्या टेकडीवरच्या साडेतीनशे घरांचे पाणी माशांवर, आणि मासे माझ्यावर. हिला समजावून सांगितले. ही म्हणाली, तुमच्यावर? मग झालंच.
काय झालं, ते बोलली नाही.

२२ मार्च
मासेबाई आल्या. खात्याच्या माशांच्या तज्ज्ञ. वयाने माझ्या मुलीएवढ्या. सात बंधारे बघतात, त्यामुळे इथे महिन्यातून एकदा. मला काका म्हणाल्या. अनुभवी माणसाला गप्प करायचे असले की काका म्हणतात, हे मी ओळखून आहे.

रजिस्टर दिले. त्यात दोन कप्पे: ‘वर’ आणि ‘खाली’. मग नंबर, पिवळी पट्टी असे काहीतरी लांबण लावले. त्या वेळी मी काच पुसत होतो. काच फार घाण होती. शेवटी विचारले, समजलं ना काका? मी म्हटले, छत्तीस वर्षे मी काय गवत उपटलं?

घरी येऊन विचार केला. ऑर्डरमध्ये ‘वर जाणारे’ असे लिहिले आहे. खाली जाणारे दुसऱ्या शिफ्टचे काम. दुसरी शिफ्ट नेमलेली नाही, तो खात्याचा प्रश्न.

२५ मार्च, सकाळी ११.१०
पहिला मासा वर गेला! हातभर लांब. दोन मिशा, उजवी अर्धी तुटलेली. पाठीवर पिवळी पट्टी, तिच्यावर १७. बरोबरच आहे. आमचा उपविभाग १७. स्टुलावर १७, टॉर्चवर १७, बादल्यांवर १७ (एक बादली आमच्या घरी आहे, ती वेगळी गोष्ट). खात्याचा माल ओळखू यावा म्हणून नंबर टाकतात. माशांवरही टाकला. शिस्त आवडली.
एकूण १.

२७ मार्च
आज पाच. पाचांवर १७. पाचांचीही उजवी मिशी तुटकी. खानदानी दोष असावा. आमच्या घराण्यात डावा गुडघा.

३० मार्च
बिननंबरी मासे यायला लागले. जात तीच, मिशा शाबूत, पण पाठ कोरी. खात्याचे नाहीत. कुठून घुसले कोण जाणे. अशांची नोंद करणार नाही. काचेवर टकटक करून हाकलले. थोडे मागे फिरले, बाकीचे निर्लज्जासारखे वर गेले.
निश्चय: १. बिननंबरी माशांना थारा नाही. २. दुपारी झोपणे बंद. ३. कंपाउंडरशी बोलणे बंद.

३ एप्रिल
कंपाउंडर म्हणजे आमच्या खालच्या मजल्यावरचा. आयुष्यभर बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या, आता जिन्यात बसून लोकांना अडवतो. आज मला अडवले. किती झाले? मी म्हटले, अडतीस वर गेले. तो म्हणाला, अरेरे, काय झालं होतं त्यांना? आणि स्वतःच हसला.

हा माणूस मला पाण्यात पाहतो. मी म्हणायला हवे होते, पाण्यात पाहणं माझी ड्यूटी आहे, तुम्ही कशाला कष्ट घेता? पण हे सुचले तोवर तिसरा मजला आला होता. गुडघ्यामुळे परत खाली गेलो नाही.

८ एप्रिल
सूनबाई रस्त्यावरच्या नळावरून रोज चौदा कळशा वर आणते. आठवा महिना लागला आहे. मी निम्म्या आणल्या असत्या, पण गुडघा. शिवाय ड्यूटीवर ताजेतवाने असावे लागते. आज तिला शब्द दिला: बाळाची पहिली अंघोळ आपल्या नळाच्या पाण्याने. ती म्हणाली, बाबा, शब्द राहू द्या, पायातली कळशी तेवढी बाजूला घ्या, मला दिसत नाही.
आजकाल कुणाला शब्दाची किंमत नाही.

१५ एप्रिल
‘खाली’चा कप्पा अगदी कोरा दिसतो. तपासणीला बरे दिसणार नाही. म्हणून त्यात किरकोळ नोंदी सुरू केल्या. ‘स्टूल हलते.’ ‘पंखा माझ्याकडे पाठ करून फिरतो.’ ‘पाली दोन.’
एकूण वर: ८१.

२३ एप्रिल
मासेबाईंचा फोन. या महिन्यात येता येत नाही, पाचव्या बंधाऱ्याचा जिना खचला. आकडा विचारला. मी म्हटले, एकशे नऊ. बाई म्हणाल्या, काका, खरंच? आवाज दाटून आला होता. माशांसाठी रडणारी बाई प्रथमच पाहिली, म्हणजे ऐकली. मग म्हणाल्या, रजिस्टरचे फोटो पाठवा. मी ठणकावले, सरकारी रजिस्टर कार्यालयाबाहेर जात नाही, फोटोतूनही नाही. (फोनवर फोटो कसा काढतात ते मला येत नाही. पण हे त्यांना कशाला?)

६ मे
दुपारी दीड ते अडीच डोळे मिटून निरीक्षण करतो. आज डोळे उघडले तर एक सतरावाला काचेला नाक लावून माझ्याकडे बघत होता. किती वेळ बघत होता कुणास ठाऊक. मीही बघितले. पाच मिनिटे. शेवटी मीच नजर काढली. मग तो वर गेला. वीस मिनिटांनी त्याचा भाऊ आला. तसाच उद्धट.

बिननंबरी आज झुंडीने. टकटक करून बोट दुखले. ‘खाली’त नोंदवले: ‘बोट दुखते.’

१८ मे, सकाळी ११.४०
दोनशे!!! उभा राहिलो. स्टूल पडले. मासा दचकला, पण वर गेला. फोन लावला. मासेबाई खूश. मासे आणि पाणी, दोन्ही जमू शकतात हे आता कुणी नाकारणार नाही, असे काहीतरी म्हणाल्या. मी म्हटले, माणूस अनुभवी असला की जमते.

२१ मे
पंप सुरू झाला. साहेब आले, बटण दाबले, भाषण केले. नदीही वाचली आणि नळही, असे वाक्य होते, टाळ्या पडल्या. मला प्रमाणपत्र. त्यावर ‘मत्स्यगणक’ लिहिले आहे. कंपाउंडरला मुद्दाम मोठ्याने वाचायला लावले.

घरी नळ आधी खोकला, मग लाल पाणी थुंकला, मग स्वच्छ धार. सूनबाईने धारेखाली हात धरला तो काढेचना. हिने न मागता चहा दिला. तेहतीस वर्षांत प्रथम.

२४ मे
पंपामुळे जिन्यातले पाणी थोडे उतरले आहे. तीन दिवसांत एकही मासा नाही. सतरावाले नाहीत, बिननंबरीही नाहीत. काम संपले म्हणून गेले असतील. मासे असूनही शिस्त आहे. खोलीत जरा सुने वाटते. स्टूल हलते, पण कुणासाठी लिहू?

२६ मे
मासेबाई आल्या. रजिस्टर मांडीवर घेतले. पहिले पान, दुसरे पान. मग झपाझप. विचारले, काका, प्रत्येक ओळीपुढे सतरा का लिहिलंय? मी म्हटले, उपविभाग. त्या माझ्याकडे बघत राहिल्या, त्या दिवशीच्या उद्धट माशासारख्या.

मग सांगितले. पंचवीस मासे पट्टी लावून सोडले होते. एकापासून पंचवीसपर्यंत, प्रत्येकाला वेगळा नंबर. सतरा म्हणजे एक मासा. एकच. आणि मादी. पोटात अंडी, जागा शोधत वर जात होती, खाली येत होती, पुन्हा वर. मी तिला दोनशे वेळा मोजले.

मी म्हटले, मिशा असून मादी? त्यांनी पान उलटले.

मग ‘खाली’चा कप्पा मोठ्याने वाचला. स्टूल हलते. पाली दोन. बोट दुखते. थांबल्या. बोट कशानं दुखतं काका? मी बिननंबऱ्यांची हकीकत सांगितली. बाई उठून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, तेच तर हवे होते! पट्टी नसलेले म्हणजे नदीत आपणहून जन्मलेले. किती होते? मी म्हटले, पुष्कळ. पुष्कळ म्हणजे किती? दोनशे? तीनशे? मी म्हटले, पुष्कळ म्हणजे पुष्कळ, मी त्यांना हाकलत होतो, मोजत नव्हतो.

बाई भिंतीला टेकून हसल्या. ते हसणे मला मुळीच आवडले नाही.

२७ मे
पंप बंद. लेखी ऑर्डर आली. सतरा बंधाऱ्याच्या वर आहे की खाली, हे कुणालाच माहीत नाही, कारण ‘खाली’त पाली आहेत. वर असेल तर पंपाची ओढ तिला झेपायची नाही, अंड्यांसकट जाळीला चिकटेल. अशा माद्या सोडलेल्या पंचवीसांत फक्त चार. म्हणून सतरा डोळ्यांनी दिसेपर्यंत पंप चालू करायचा नाही. ती दिसली की पंप चालू, दोनशेची मोजणी पुढच्या हंगामात, नव्याने, दुसऱ्या माणसाकडून.
सूनबाईने सकाळी नळ उघडला. बंद केला. कळशी घेतली. माझ्याकडे बघितलेही नाही. बघितले असते तर बरे झाले असते.

२९ मे
सगळी टेकडी उलटली. आमचे घर सोडून तीनशे एकोणपन्नास घरांतले लोक जिन्यात, दुकानात, नळाच्या रांगेत एकच विचारतात, दिसली का? भाजीवालीने मला सतरा आजोबा म्हटले. कंपाउंडरने नुसते प्रमाणपत्र कुठे लावलं ते विचारले. ही म्हणाली, तुम्हाला एक काम दिलं होतं, बघायचं. मी म्हटले, मी बघतच होतो. ही म्हणाली, तिनंही बघितलं असेल तुम्हाला, म्हणूनच गेली.
चूक खात्याची आहे. सगळ्या वस्तूंवर १७ टाकायचे आणि माशावरही १७ टाकायचे! निदान अठरा तरी टाकायचे.

३१ मे
हंगाम संपला. ड्यूटी संपली. तरी सकाळी सहापासून काचेशी बसलो आहे. हाकलायला कुणी नाही, मलाही कुणी हाकलले नाही.

येण्याआधी तीन कळशा आणि एक बादली वर नेली. गुडघा गेला. बादलीवर १७ पाहून सूनबाईला हसू आले, मग तिने पोटावर हात धरला. दिवस भरले आहेत. डॉक्टर म्हणतात, आज नाहीतर उद्या. शब्द मी दिला होता, तो आता त्या मिशीवालीकडे आहे.

मासेबाईंनी जाताना तसलीच एक कोरी पिवळी पट्टी दिली. मागच्या बाजूला बारीक अक्षरात काही छापले आहे. ते मी पहिल्या दिवशी काच न पुसता ऐकले असते तर बरे झाले असते. आज चष्मा लावून वाचले: दिसल्यास त्वरित कळवावे.

दुपारी ४.२०. काही नाही.

बाई, मी टकटक करणार नाही. वर असलीस तर वर, खाली असलीस तर खाली, जिथे असशील तिथून एकदा काचेसमोर ये. उजवी मिशी दाखव, पुरे. मी एकदाच मोजीन. घरी दोन बायका पाण्यासाठी खोळंबल्या आहेत, आणि तिसरे माणूस वाटेत आहे. लवकर कळव.