सेटचा मुक्काम

सोलापूर, ६ जानेवारी १९७४

ती. रामहरीदादास,
धाकट्या मुक्ताचा सा. न. वि. वि.

तू पाठवलेली इंग्रजी डिक्शनरी पोचली आणि घरात इडापिडा आली. हे एस.टी.तल्या कंट्रोलरच्या परीक्षेला बसले हायत, तुला ठाऊकच हाय. पास झाले तर वस्तीची गाडी सुटंल. लग्नाला चार वर्षं झाली, नवरा रोज कुटल्यातरी गावात गाडीच्या टपावर झोपतो आणि मी हितं एकटी भाकरी मोडते. लई कंटाळले रे.

पण ह्यांचं कंडक्टरी डोकं! शेवटच्या माणसाला तिकीट दिल्याबिगर डबल बेल मारत न्हाईत, तसंच एका शब्दाचे सगळे अर्थ पाठ झाल्याबिगर पुढच्या शब्दाला हात लावत न्हाईत. देवीचं नाव घेऊन पुस्तक उघडलं, तर निघालं सेटचं पान. कपबशांचा सेट, रेडिओ सेट, सूर्य बुडला तरी सेट, दही लागलं तरी सेट, मोडलेलं हाड बसवलं तरी सेटच. पानंच्या पानं भरून हायत मेले! पंधरा दिवस गाडी तितंच उभी. तूच समजव बाबा.

वहिनीला नमस्कार. माया पातळ करू नकोस.

तुझी मुक्ता

करमाळा, १४ जानेवारी १९७४

चि. सौ. मुक्तास,
दादाचे अनेक आशीर्वाद.

पाव्हण्यांना सांग, मी शाळेत सेटचे दोनच अर्थ शिकवतो आणि तेवढ्यावर माझी मास्तरकी बिनबोभाट चालली आहे. त्यांना म्हणावं, रजेचा अर्ज पाठ करा, परीक्षेला तो हमखास येतो.

तुझं पत्र घरात मोठ्यानं वाचलं, ही माझी चूक झाली. कपबशांचा सेट कधी आणता, असं तुझी वहिनी तेव्हापासून विचारते आहे. रडू नकोस, सगळं नीट होईल. खुशालीचं लिहीत जा, आमचाही जीव लागलेला असतो.

तुझा दादा

सोलापूर, १० एप्रिल १९७४

ती. दादास सा. न. वि. वि.

पास झाले रे! पेपरात सेट आलाच न्हाई. पेपर काढणाऱ्यालाच इंग्रजी येत न्हाई, असं हे शेजारच्या कल्लप्पांना सांगत होते. इंग्रजीत काठावर सुटले, भाड्याच्या गणितानं तारलं. उद्यापासून कंट्रोलरच्या खुर्चीत बसतील आणि रोज घरी जेवतील. मी गल्लीभर पेढे वाटले. वहिनीलाही तोंड गोड करायला सांग, आणि असाच आमच्या पाठीशी राहा.

तुझी मुक्ता

करमाळा, २२ एप्रिल १९७४

चि. सौ. मुक्तास अनेक आशीर्वाद.

काल सोलापूरची गाडी इथं दीड तास उशिरा आली. उतरणारे लोक तिथल्या नव्या कंट्रोलरच्या नावानं शंख करत होते. ते माझे मेहुणे आहेत, हे मी कुणाला सांगितलं नाही. काय प्रकार आहे? खुर्ची टिकेल ना? काळजी वाटते, लगेच कळव.

तुझा दादा

सोलापूर, २ मे १९७४

ती. दादास सा. न. वि. वि.

कसली खुर्ची! कुणी म्हातारी विचारायची, ही गाडी माढ्याला जाती का? हे नुसतं व्हय म्हणून गप बसतील तर शपथ. गाडी कुटनं जाती, कुटं थांबती, चुकली तर दुसरी कुटली हाय, सगळं सांगायचे. सगळ्यांचं समाधान झाल्याबिगर शिट्टी न्हाई. शेवटची गाडी हलायला मध्यरात्र व्हायची, मग घरी कुटलं यायला? तितंच बाकावर झोपायचे. खुर्ची मिळाली, नवरा न्हाईच मिळाला.

परवा साहेबांनी बोलावून हात जोडले. म्हणाले, रावजी, खुर्ची सोडा, मागाल ती गाडी देतो. ह्यांनी बार्शीची मागितली, सकाळी जाऊन संध्याकाळी परत येणारी. एक दिवस फुगून बसले, मग जेवले.

आता रोज समोर बसून जेवतात. आमटीत मीठ कमी म्हणाले, की कमी म्हणजे किती, कालच्यापरीस किती, आणि चव कशी असायला पायजे, सगळं सांगून होईपर्यंत आमटी निवते. डोकं उठतं दादा.

पण उठू दे की. चार वर्षं लई शांत होतं घर.

तुझी मुक्ता