आधी पडायचं म्हणे

३ मार्च, सकाळ
परदेशात लेकीकडे येऊन महिना झाला. काल दूध घेऊन येताना बिल्डिंगच्या जिन्यावर पडले. पडले म्हणजे काय, पायरीच भलत्या जागी होती. लेकीने लगेच फ्लॅटची चावी काढून घेतली. यापुढे एकटीने बाहेर जायचं नाही म्हणे. हिला चालायला मी शिकवलं, आणि ही मला कोंडते!
जावईबापूंनी तोड काढली. खालच्या हॉलमध्ये ज्युडोचा क्लास आहे. आईंनी पहिली टेस्ट पास होऊन पिवळा पट्टा मिळवला की चावी परत. लेक नाक मुरडत कबूल झाली. महिन्याभरात सगळ्या क्लासला लोळवते.

५ मार्च
पांढरा सदरा-पायजमा मिळाला. पट्टा मी साडीसारखा खोचला होता, मास्तरांनी सोडून पुन्हा बांधला. क्लासमध्ये सगळे माझ्याच वयाचे. अवघड विद्या आहे, पोरासोरांना देत नसतील.
गादीवर जाण्याआधी मास्तर वाकून नमस्कार करतात. माझ्या मुलाच्या वयाचा माणूस, त्याच्यापुढे मी कशाला वाकू? तो वाकला, मी डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला. मग बाकीचेही वाकले. सगळ्यांना देता देता क्लासला उशीर झाला. परक्या देशात शिकणाऱ्याने ध्यानात ठेवावं, पहिल्याच दिवशी मान मिळवावा.
पुढे तासभर नुसतं पडणं. मागे पडा, कुशीवर पडा, हनुवटी छातीला लावा, हात गादीवर सपकन आपटा. मी पाडायला आलेय, पडायला नाही. खुणेने तसं सांगितलं. मास्तर हसले. माझी चुणूक त्यांना दिसली असणार.

९ मार्च
क्लासला गेले नाही. गुडघा अजिबात दुखत नाही. हवा बरी नव्हती. लेक म्हणाली, अगं आई, छान ऊन पडलंय. म्हटलं, तेच तर.

१४ मार्च
जोडीला कोपऱ्यावरच्या बेकरीची मालकीण. बाई कपाटाएवढी. भाषा कळत नाही, पण हसते फार. तिने माझी कॉलर धरली, मी तिच्या दंडाला चिमटा काढला. किंचाळून लांब झाली. मास्तर धावत आले, बोट नाचवून बरंच बोलले. चिमटा हा डाव त्यांना ठाऊकच नाही, दुसरं काय! नवशिक्याने घरचे डाव सोडू नयेत.
उरलेला वेळ पुन्हा पडणंच. हल्ली झोपेतही हात आपटतो. लेक विचारते, डास चावतात का.

२३ मार्च
उद्यापासून रोज पहाटे सराव. म्हणजे रोजच.

२४ मार्च
उठायला उशीर झाला. सराव मनातल्या मनात केला. फार छान झाला.

३० मार्च, दुपार
टेस्ट. नुसतं पडून दाखवायचं आणि आपलं आपण उठायचं. कपाटबाई धप्पकन पडली, टाळ्या. मग माझी पाळी. समोर खुर्चीवर लेक आणि जावईबापू. लेकीच्या डोळ्यांदेखत पडू? मग चावी कायमची गेलीच. मी सरळ मास्तरांची कॉलर धरून ओढली. मास्तर आडवे! जावईबापू म्हणतात, ते मुद्दाम पडले. म्हणोत बापडे.
मास्तरांनी उठून खूण केली, आता तुम्ही. मी नाही म्हणून मान हलवली. सगळ्यांना पट्टा, मला नाही.
लेक म्हणाली, आई, पडायचंच तर होतं गं! म्हटलं, तुला पाहिजेच आहे मी पडलेली.

१ एप्रिल, संध्याकाळ
मास्तरांना जाब विचारायचं ठरवलं. लेक ऑफिसात, जावईबापू आतल्या खोलीत मीटिंगला. दार लागू नये म्हणून फटीत त्यांची चप्पल अडकवली आणि उतरले.
शेवटच्या पायऱ्यांवर पाय सटकला. काही कळायच्या आत कुशीवर आले होते. हनुवटी छातीला, हात फरशीवर सपकन. डोकं वाचलं. आपली आपण उठले.
हॉलच्या दारात मास्तर उभे. सगळं पाहिलेलं. टाळ्या वाजवत आले, आत जाऊन पिवळा पट्टा आणला आणि जिन्यातच माझ्या कमरेला बांधला. हात झणझणत होता, म्हणून आशीर्वाद राहिला.
वर आले. मीटिंग चालूच होती. पट्टा लेकीला दाखवावा, तर ती विचारणार, कुठे मिळाला? जिन्यात. काय करून? पडून.
बॅगेत साड्यांच्या तळाशी ठेवला.
लेक घरी आली, चावी पर्समध्ये टाकत म्हणाली, आई, पुढच्या टेस्टला तरी नीट पड हं.
म्हटलं, बघू. जमलं तर.