पिवळ्या लेबलाचा संसार

ती. वन्संना,

पाया पडते. (गुडघा वाकत नाही, तेव्हा मनातल्या मनात पडते. तुम्हीही आशीर्वाद मनातल्या मनातच द्या.) तुमचा खोकला, भाऊजींचे कान आणि मांजरीचं पोट हे सगळं ठिकाणावर असेल अशी आशा करते. भाऊजींना ऐकू येत नाही याचा अलीकडे मला हेवा वाटतो.

आम्ही मायलेकी बऱ्या आहोत. तुमचे बंधुराज तर इतके खुशीत आहेत की बघवत नाही. एकतीस वर्षं त्यांनी लोकांच्या जमिनी मोजल्या. गेल्या वर्षी निवृत्त झाले आणि मोजायला काही उरलं नाही, म्हणून कोपऱ्यावरचं सुपरमार्केट मोजायला घेतलं. स्वस्तात कसं खावं याचा अभ्यास चाललाय म्हणे. दुकानाचा नकाशा जेवणाच्या टेबलावर कायमचा पसरलेला असतो आणि आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवतो. संध्याकाळी साडेसातला लेबलवाली बाई (म्हणजे तारीख संपत आलेल्या मालावर निम्म्या किमतीचं पिवळं लेबल चिकटवणारी) कुठून निघते, कुठे वळते, कुठे दम खाते, हे सगळं त्यात बाणांनी दाखवलंय. चौतीस वर्षांत एवढा अभ्यास यांनी माझाही केला नाही.

नियम तर विचारू नका. उपाशी पोटी खरेदीला जाऊ नये, नाहीतर माणूस नको ते उचलतो, हा पहिला नियम. म्हणून यांना सात वाजता पोटभर जेवायला घालायचं. मग हे दुकानात जाणार, तीन पिशव्या घेऊन येणार आणि चालून भूक लागली म्हणून नऊला पुन्हा जेवणार. या काटकसरीत यांचं वजन सहा किलोंनी वाढलंय. महाग माल नजरेसमोर ठेवतात आणि स्वस्त माल पायाशी, हा दुसरा नियम. त्यासाठी हे खालच्या फळीसमोर ओणवे झाले आणि तिथेच अडकले. दुकानातल्या दोघांनी काखेत हात घालून उभं केलं. (उठताना हातातला डाळीचा पुडा सोडला नाही, हे मला अभिमानानं सांगितलं.) किंमत पुड्याची बघायची नाही, किलोमागे बघायची, हा तिसरा. त्यातून पाच लिटरचा व्हिनेगरचा कॅन घरात आलाय. दोन माणसं जन्मभर लोणच्यात बुडून राहिली तरी संपणार नाही. सध्या खिडक्या त्यानंच पुसते आणि परवा रागाच्या भरात यांचे मोजेही त्यात भिजवले.

पण यांची खरी करामत वेगळीच. आवडलेली वस्तू हे आज घेतच नाहीत. ती उचलून बिनसाखरेच्या, बिनमलईच्या, बिनचवीच्या दह्याच्या डब्यांमागे दडवतात, कारण तिकडे माणूस हात घालत नाही. वस्तू विकली जात नाही, तारीख जवळ येते, लेबलवाली यादी बघून ती हुडकून काढते आणि लेबल लावते. त्या क्षणी हे योगायोगानं तिथे उभे असतात. आपली वस्तू ओळखू यावी म्हणून वेष्टनाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं बारीक त्रिकोण काढतात. मोजणीच्या खांबावर काढायचे तसाच. हा चोरटेपणा आहे असं मी म्हटलं, तर म्हणाले की माल दुकानातच आहे, चोरी कसली? वकिलाच्या घरात जन्माला यायचे ते चुकून तुमच्या घरात आले.

दोनेक महिन्यांपूर्वी या राज्यात एक शत्रू शिरला. जांभळी छत्री घेऊन फिरणारी एक बाई. ऊन असो, पाऊस असो, छत्री हातात, आणि तिच्या मुठीनं ती मागच्या रांगेतला माल पुढे ओढते. यांचे तीन त्रिकोण तिनं एका आठवड्यात लांबवले. घरी रोज तिचा उद्धार चाले. बाई नव्हे घार आहे, असल्या बायकांमुळेच घरं मोडतात, वगैरे. मला ती बाई न बघताच आवडायला लागली होती.

आता मुख्य गोष्ट. तुमच्या भाचीनं मुलगा ठरवलाय. लिफ्ट दुरुस्त करतो, कमी बोलतो, आला की स्वतःचं ताट स्वतः धुतो. मला तेवढं पुरे. त्याची आई विधवा, शाळेत गणित शिकवायची, आणि तिच्या होकाराशिवाय तो पाऊल उचलणार नाही. तिला गुरुवारी जेवायला बोलावलं. लेक आठवडाभर झोपली नाही. मी यांना हात जोडून सांगितलं की एक दिवस, फक्त एकच दिवस, पुऱ्या किमतीचं आणा. यांनी मान डोलावली आणि सोमवारीच लाल वेष्टनातलं मोठं चीज दह्यामागे दडवून आले.

बुधवारी हे घ्यायला गेले तर चीज छत्रीवालीच्या टोपलीत! यांनी टोपलीला हात घातला. तिनं सोडली नाही. भर दुकानात दोन म्हातारी माणसं एक टोपली दोन्हीकडून ओढत होती. हे म्हणाले, तुम्हाला घरी कोणी वळण लावलं नाही का. ती म्हणाली, लावलं, पण ते निम्म्या किमतीत मिळालं नाही. शेवटी मॅनेजरनं यांना बाहेर काढलं, तिला तेवढी खरेदी पुरी करू दिली आणि दोघांनाही पुढचा आठवडाभर दुकानात पाऊल ठेवायला बंदी केली. हे हात हलवत घरी आले आणि तापलेल्या तव्यासारखे बसून राहिले.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. मी ओळखलं नव्हतं. गुरुवारी दार उघडलं तर आधी जांभळी छत्री आत आली, मागून बाई आणि तिच्यामागे आमचा लिफ्टवाला. तिच्या हातात आमच्यासाठी भेट म्हणून लाल वेष्टनातलं चीज. लेबल खरवडून काढलेलं, पण डिंक तसाच, आणि कोपऱ्यात त्रिकोण. हे पांढरे पडले. ती पांढरी पडली. लेकीकडे तर मला बघवेना. माझ्या पोरीचं लग्न एका चीजच्या तुकड्यापायी उंबऱ्यातच मोडतंय, एवढंच मला कळत होतं, आणि खरं सांगते, त्या क्षणी तुमच्या भावाला मी व्हिनेगरच्या कॅनमध्ये बुडवलं असतं.

हे म्हणाले, किती टक्के? ती म्हणाली, सत्तर. यांना धाप लागली. पन्नासच्या वर कधी मिळालंच नव्हतं. तेव्हा ती सौम्यपणे म्हणाली की साडेसातला घाई करू नये, उरलेल्या मालावर आठ वाजून दहा मिनिटांनी दुसरं लेबल लागतं. तुमचे बंधुराज उठले, खुर्ची पुढे केली आणि पाहुण्यांसाठी मी गुंडाळून ठेवलेला नकाशा उलगडला. मग तीन तास दोन डोकी त्या कागदावर. माझं रांधलेलं थंड झालं. लग्न ठरलं, पण ठरल्याचं सांगायचंसुद्धा दोघांना सुचलं नाही. लिफ्टवाल्यानं ताट धुता धुता मला सांगितलं.

असो. बाकी सगळं छान. सर्वांना नमस्कार. पत्राचं उत्तर द्या.

तुमची,
भावजय

ता. क. आता ज्यासाठी पत्र लिहिलं ते. लग्न पुढच्या महिन्यात, पाहुणे साठ, आणि जेवणाचं या दोघांनी अंगावर घेतलंय. जुना फ्रीजर विकत आणून आमच्या झोपायच्या खोलीत ठेवलाय. त्यात साठ माणसांचं उद्या संपणारं अन्न साठतंय. लेक काल माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली की आई, माझ्या लग्नात लोकांना असलंच वाढायचं का? माझं हे ऐकत नाहीत. तुमचं ऐकतील. सासूबाई गेल्यावर तुम्ही एका अंड्याचे दोन भाग करायचात आणि स्वतःचाही यांच्याच ताटात टाकायचात, हे सांगताना यांचा घास अजून हातातच राहतो. कुठून आलं हे सगळं, मला कळतं हो. म्हणूनच तुम्ही लिहा, की त्या दिवशी सगळं ताजं आणि पोटभर हवं. एवढं करा, वन्सं.

ता. क. दुसरा. निदान केक तरी मी यांना न विचारता ताजा सांगणार होते. पैसे पदरात बांधून केकवालीकडे गेले. तिच्याकडे एका मोडलेल्या लग्नाचा तीन मजली केक पडून होता, सुक्या मेव्याचा, दोन महिने हमखास टिकणारा. वरची साखरेची नावं तेवढी सुरीनं काढायची. मी घेतला. यांना मात्र चुकूनही कळवू नका. चाळीसच टक्के सुटले म्हणून जन्मभर ऐकवतील.